चौथी ओळ

द्वारकेचा शेवटचा सेक्टर जिथे संपायचा आणि डांबरी रस्ता मुकाट वाळूत शिरायचा, तिथे २००३ साली एका सरकारी संस्थेने डिझेलची शेती सुरू केली. 'डिझेलची शेती' हे नाव प्रयोगाचे प्रमुख भालचंद्र सरांचं. कागदावर त्याचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मोगली एरंड लावायचा, त्याच्या बियांचं तेल काढायचं, तेलाचं डिझेल करायचं आणि उरलेली पेंड कुजवून तिच्यावर गॅस पेटवायचा. आणि हे सगळं अशा पडीक जमिनीवर, जिथे गवताची काडीही उगवत नाही, पाण्याचा थेंबही न घालता!

आज हे ऐकून हसू येईल. पण त्या वर्षांत दिल्लीत सगळ्यांनाच सगळं शक्य वाटत होतं. नाल्यापलीकडे गुडगावात काचेच्या इमारती महिन्याला चार मजले चढत होत्या. जिथे काल सरसोंची पिवळी शेतं होती तिथे आज 'बुकिंग ओपन'चा बोर्ड दिसायचा. मेट्रो द्वारकेपर्यंत येऊन ठेपली होती. माणसं शेतात फ्लॅट उगवताना बघत होती, मग एरंडातून डिझेल निघणार म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

या शेतीचा राखणदार, हिशेबनीस आणि आईबाप म्हणजे धम्मदीप खोब्रागडे. हुद्दा टेक्निकल असिस्टंट. मूळचा भंडाऱ्याकडचा, बोलायला मऊ आणि आकड्यांच्या बाबतीत कडक. प्लॉटच्या कुंपणाला लागूनच त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. तिथे तो, त्याची बायको लुंबिनी आणि आई लीलाबाई अशी तिघं राहत. लुंबिनी मंत्रालयात क्लार्क होती आणि सकाळी आठच्या मेट्रोने जायची. धम्मदीप साडेसातच्या चार्टर्ड बसने मुख्य ऑफिसला निघायचा आणि दुपारनंतर प्लॉटवर परतायचा. मजूर दहाला येत. मधल्या वेळात त्या अख्ख्या माळावर लीलाबाई एकट्या असायच्या, आणि डोक्यावरून मिनिटामिनिटाला विमानं जायची.

प्लॉटवर एरंडाच्या सोळा ओळी होत्या. एका ओळीत बारा झाडं. बारा ओळींना तुलनेसाठी पाइपाने मोजून पाणी मिळायचं. चार ओळींना मात्र काहीच नाही, नुसता आभाळाचा भरवसा. कुठल्या चार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, म्हणजे कुणाच्या मनाचा कल मध्ये यायला नको. चिठ्ठ्यांत चौथी, चौदावी, पंधरावी आणि सोळावी निघाली. शेवटच्या तिन्ही पार मागे, जनरेटरच्या शेडच्या आडोशाला होत्या. चौथी नेमकी क्वार्टरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आली.

या चौथ्या ओळीने सगळ्यांना वेड लावलं.

मागच्या तीन ओळी चार वर्षं नुसत्या काटक्यांसारख्या उभ्या होत्या. हंगामाला झाडामागे ओंजळभर बी निघालं तरी खूप. पण चौथी ओळ एप्रिलमध्येच हिरवीगार व्हायची. तिने झाडामागे दोन-दोन किलो बी दिलं. पाणी प्यायलेल्या ओळींच्या जवळपास! भालचंद्र सर तिच्यासमोर उभे राहून स्वतःशीच हसायचे. तिच्या बियांचं मधाच्या रंगाचं तेल एका बाटलीत भरून ते बॅगेत घेऊन फिरायचे आणि भेटेल त्याला दाखवायचे. मागच्या तीन ओळींचं काय, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. तिकडे वाळवी आहे, जमिनीत मुरूम आहे, शेडची सावली पडते. माणसाला हवं ते उत्तर मिळालं की नको असलेल्या उत्तरांत खोट काढायला कितीसा वेळ लागतो!

मे २००७ मध्ये या कामाचं सार्थक व्हायची वेळ आली. मंगळवारी अकरा वाजता वरिष्ठांची समिती बसणार होती. आकडे पटले की तीन राज्यांतल्या हजारो एकर पडीक जमिनीवर एरंड लावायचा आदेश निघणार होता. आकडे वाचायला सरांनी मुद्दाम धम्मदीपचं नाव घातलं होतं. त्याच्या बढतीची फाइलही त्याच समितीपुढे जायची होती. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांना आकडे पुरवल्यावर पहिल्यांदा एका अहवालावर त्याचं नाव छापलं गेलं होतं. तो कागद त्याने घरी आणून कपाटावरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर ठेवला होता. लीलाबाईंनी त्यावरून दोनदा हात फिरवला होता.

तर त्या आधीच्या रविवारची गोष्ट. दुपारी तिघं जेवायला बसली. ताटात ज्वारीची भाकरी, वरण आणि हिरवी पातळ भाजी होती. धम्मदीपने पहिला घास घेतला आणि खूश झाला.

"घोळीची भाजी! आई, ही इथं कुठं मिळाली तुला? मंडीत तर कधी दिसत नाही."

"मंडीतून कायला आणू? तुझ्याच एरंडाच्या बुडाशी आहे की. चांगली गुबगुबीत झाली. मी तर आधी बी खुडली."

"अहो, मागच्या महिन्यात पण केली होती आईंनी," लुंबिनी म्हणाली. "तुम्ही टूरवर होता."

धम्मदीप हसत होता, ते हसू अर्ध्यावर थांबलं. घोळ म्हणजे पाण्याची लाडकी. तिची पानं जाडजूड असतात, बोटाने दाबली तर पाणी सुटतं. मेच्या उन्हात दिल्लीच्या कोरड्या वाळूत ती उगवेल, पण गुबगुबीत होणार नाही. आणि पाइपाच्या ओळींतलं तण मजूर दर सोमवारी साफ करून टाकतात. निंदणी होत नाही ती फक्त कोरड्या ओळींत.

"कोणत्या एरंडाच्या बुडाशी, आई?"

"ही बापा, खिडकीसमोरची. दुसरीकडं कशाला जाऊ?"

त्याने घास ताटात परत ठेवला.

"तू त्या ओळीला पाणी घालतेस?"

लीलाबाईंचा चेहरा उजळला. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाबद्दल विचारत होतं. "मंग? रोज. सकाळी तुम्ही दोघं गेले की दोन बादल्या, अन् मंग भांडे घासले की एक. तांदळाचं धुवण, आंघोळीचं पाणी, कपड्याचं शेवटचं पाणी. टँकरचं पाणी ते, मोरीत कसं जाऊ द्यावं? पाह्यलं ना कशी झाली ती झाडं! ते मोठे साहेब तिच्यासमोर उभे राह्यले की मला हसू येते."

लुंबिनीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि तिच्याही लक्षात आलं. ती बादली बाहेर जाते हे तिला ठाऊक होतं, पण ती मागच्या कढीपत्त्याला जाते अशी तिची समजूत होती.

"आई, त्या ओळीला पाणी द्यायचं नव्हतं," धम्मदीप शक्य तितक्या हळू म्हणाला. "ते मुद्दाम होतं. सगळ्यांना पाणी द्यायचं, पण तिला नाही. असंच ठरलं होतं."

लीलाबाईंना आधी वाटलं, पोरगा थट्टा करतो आहे. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"काऊन? तिनं काय केलं होतं?"

 असा प्रश्न संस्थेत कुणाला पडलाच नव्हता.

"मी नवी नवी आली होती इथं," लीलाबाई म्हणाल्या. "खिडकीतून पाहात होती. तो माणूस पाइप घेऊन आला. पहिल्या ओळीला पाणी, दुसरीला, तिसरीला. मंग चौथी सोडून पाचवीवर गेला. म्हटलं भुलला असन. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर तेच. सगळ्यांना पाणी, अन् ती एकटी कोरडी उभी. मला नाही पाहवलं, बापा."

 पुढचं त्या सहसा बोलत नसत.

"आमच्या गावात विहिरीवर माझी माय घागर घेऊन अशीच उभी राहे. सगळ्यांचं भरून होईपर्यंत. मी तिचा पदर धरून. कोणाला दया आली तर वरून ओतत. नाही आली तर मंग परत. तेव्हा मी लहान होती, काही करू शकत नव्हती. इथं तर माझ्या हातात बादली होती."

 धम्मदीपला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणाचा ते कळत नव्हतं. आईचा तर मुळीच नव्हता. तिच्या जागी तो असता तर त्यानेही तेच केलं असतं. पण तो तिच्या जागी नव्हता. तो चिठ्ठ्या टाकणाऱ्यांच्यात होता.

"आई, आता दोन दिवस तिला पाणी नको घालूस," एवढंच म्हणून तो उठला.

दुपारभर तो खुरपं घेऊन चौथ्या ओळीत बसून होता. वीतभर उकरलं की खालची माती गार लागत होती. मग तो मागच्या तीन ओळींकडे गेला. तिथे हातभर खणूनही नुसती गरम वाळू निघाली. वाळवी नव्हती, मुरूम नव्हता, आणि सावली तर दुपारी कुठेच पडत नव्हती. त्या तीन ओळी चार वर्षं खरं तेच सांगत होत्या, आणि हा मात्र त्यांच्या नावापुढे दरवर्षी 'सदोष' लिहीत आला होता.

संध्याकाळी लुंबिनी त्याच्या शेजारी येऊन बसली.

"सांगितलं नाही तर?" तिने विचारलं. ती सुचवत नव्हती, नुसती विचारत होती.

"तर पास होईल. मग आपल्याकडच्या गायरानावरसुद्धा एरंड लागेल. कागदावर ते पडीक आहे. आईच्या शेळ्या कुठं चरायच्या, आठवतं ना? एरंडाला शेळी तोंड लावत नाही. बी येणार नाही आणि चारा पण जाईल."

"आणि सांगितलं तर?"

"तर म्हणतील, याने स्वतःच पाणी घातलं आणि आता आईच्या नावावर खपवतोय. ऑफिसातला हरीश तर वाटच बघतोय. कोटेवाले ऐसे ही होते हैं, असं त्याने मागे माझ्या पाठीमागे म्हटलं होतं. मला ऐकू गेलं होतं."

लुंबिनीने त्याच्या हाताची माती झटकली. "अहो, मग म्हणू दे त्याला. तो तसाही म्हणणारच आहे."

सोमवारी सकाळी धम्मदीप भालचंद्र सरांच्या घरी गेला. सर द्वारकेतच, सहाव्या सेक्टरात राहत. पुण्याचा माणूस, तीस वर्षं दिल्लीत काढून निवृत्तीला आठ महिने राहिले होते. टेबलावर ती मधाच्या रंगाची बाटली होती आणि तिच्या शेजारी उद्याच्या भाषणाचे कागद. धम्मदीपला रोजंदारीवरून कायम करून घेताना याच माणसाने तीन ऑफिसं पालथी घातली होती. त्याच्यासमोर उभं राहून हे सांगणं म्हणजे त्याच्या चार वर्षांवर बादली ओतण्यासारखंच होतं. पण धम्मदीपने सांगितलं. घोळीच्या भाजीपासून विहिरीपर्यंत, सगळं.

सरांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मी, बायको, आई. आणि आता तुम्ही."

"अच्छा." सर उठले, खिडकीशी गेले, परत आले. "अरे, एक दिवस थांबला असतास तर? उद्या पास झालं असतं, मग सांगितलं असतंस. मी निदान एक दिवस तरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग खुर्चीत बसले, आणि धम्मदीपला ते एकदम म्हातारे दिसले. "नाही. मी काय बोलतोय! मला त्या तीन ओळींकडे बघायचंच नव्हतं रे. दर वर्षी मी तिकडे जायचं टाळायचो. बायका नाही का वजनकाट्याकडे बघत नाहीत, तसं. उद्या आकडे तू वाचणार आहेस. तुला जे वाचायचं ते वाच. मी शेजारी बसलेला असेन."

त्यांनी चहा पाजल्याशिवाय त्याला सोडलं नाही. पण बाटली मात्र टेबलावरून उचलून कपाटात ठेवली.

मंगळवारी धम्मदीप पहाटेच उठला. आईची निळी बादली त्याने मापाच्या भांड्याने भरून पाहिली. पंधरा लिटर. तीन बादल्या म्हणजे पंचेचाळीस. बारा झाडं. म्हणजे झाडामागे रोज पावणेचार लिटर. तो आकडा त्याने अहवालाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिला.

समितीच्या खोलीत ए.सी. इतका होता की त्याची बोटं गार पडली. त्याची पाळी आल्यावर त्याने छापील आकडे वाचलेच नाहीत. तो हिंदीत, सरळ बोलला. चौथी ओळ कोरडी नव्हती. तिला चार वर्षं घरातलं वापरलेलं पाणी मिळत होतं. रोज इतकं. घालणारी माझी आई. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणं हे माझं काम होतं. ती ओळ अहवालातून काढावी.

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी हसलं. हरीशने पेनाचं टोपण उघडलं आणि मिटलं. अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला.

"तो फिर बिना पानी के कितना आया?"

"मॅडम, जो पीछे की तीन लाइनों में आया। मुट्ठी भर।"

"और वो तीन लाइनें तो आपने सदोष लिखी थीं?"

"जी। वो मेरी गलती थी। लाइनें ठीक थीं।"

 तेव्हा भालचंद्र सर उभे राहिले आणि म्हणाले की चूक या मुलाची नाही, अहवालावर पहिली सही माझी आहे. एवढं बोलून ते खाली बसले. बसताना त्यांनी टेबलाखालून धम्मदीपच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बैठक संपेपर्यंत तो काढला नाही.

निर्णय अर्ध्या तासात झाला. बिनपाण्याच्या एरंडाची योजना पुढे जाणार नाही. कोरड्या ओळींचा प्रयोग निष्कर्षासह बंद. निष्कर्ष एका ओळीचा होता: पाण्याशिवाय फळत नाही. बढतीची फाइल पुढच्या बैठकीपर्यंत बाजूला ठेवली गेली, आणि सरकारी फाइल बाजूला ठेवली म्हणजे काय, ते दिल्लीत कुणाला सांगावं लागत नाही.

चारच्या सुमाराला तो घरी पोहोचला. अंगणात पाय ठेवला आणि जागीच थांबला.

व्हरांड्यात पाण्याने भरलेली भांडी ओळीने मांडून ठेवली होती. निळी बादली, लाल बादली, आंघोळीचा टब, पिठाचा रिकामा डबा, दोन पातेली, कुकर, लुंबिनीची फुलदाणीसुद्धा. सगळ्यांत वापरलेलं, गढुळलेलं पाणी. कपड्यांचं, तांदळाचं, भांड्यांचं. लीलाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. लुंबिनीने त्यांना सगळं समजावून सांगितलं असावं, कारण त्यांचे डोळे सुजले होते.

"तू टाकू नको म्हटलं," त्या म्हणाल्या. "म्हणून टाकलं नाही. पण मोरीत फेकवलं बी नाही. आता एक भांडं बी रिकामं नाही राह्यलं घरात. माझ्यामुळं तुझं नुकसान झालं काय रे?"

धम्मदीप त्यांच्याजवळ बसला. खिडकीसमोरची चौथी ओळ दोन दिवसांतच मलूल झाली होती, पानं खाली लोंबत होती.

"तुझ्यामुळं काही नाही झालं. तुझ्यामुळं खरं काय ते कळलं. आता ती ओळ कागदावर राहिली नाही, आई. तिला पाहिजे तेवढं पाणी घाल."

लीलाबाई लगेच उठल्या. गुडघे दुखायचं विसरून त्यांनी निळ्या बादलीची कडी धरली. धम्मदीपने ती त्यांच्या हातातून घेतली.

"हिचं नंतर. आधी मागं जाऊ. तिकडं अजून तीन आहेत."

"अजून तीन? कुठं?"

"जनरेटरच्या मागं. इथून दिसत नाहीत."

"मंग त्यांना कोण देत होतं?"

"कोणीच नाही. चार वर्षं."

 लीलाबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"अन् तू रोज पाहात होता?"

"हो," तो म्हणाला.

आणखी काही सांगण्यासारखं त्याच्यापाशी होतं. शास्त्र होतं, पद्धत होती, चिठ्ठ्या होत्या.  पण आईसमोर तो मान खाली घालून उभा राहिला, दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन.

लीलाबाईंनी पदर खोचला. वाकून काठोकाठ भरलेलं पातेलं उचललं आणि डोक्यावर ठेवलं. साठ वर्षांपूर्वीची सवय होती, एक थेंब सांडला नाही.

"चाल, तू पुढं हो," त्या म्हणाल्या. "मला तिकडची वाट माहीत नाही."